बाप्पामागचं चक्र : एक प्रयोग

उद्देश

गणपतीच्या मूर्तीमागे फिरणारं दिव्यांचं चक्र घरच्या घरी तयार करणे.

हा झाला वहीत लिहायचा उद्देश. खरी गोष्ट अशी की, मागच्या वर्षी बाजारातून आणलेलं चक्र तिसऱ्या दिवशी बंद पडलं. तुम्ही ते उघडून पाहिलंत, आत दोन काळे किडे आणि चार वायरी एवढंच दिसलं, आणि सगळे ऐकत असताना तुमच्या तोंडून निघून गेलं, "ह्यात आहे काय? पुढच्या वर्षी मी करतो." तुम्ही ते विसरलात. घरात कोणीही विसरलेलं नाही. तयार चक्र तुमच्या एका खेपेच्या रिक्षाभाड्यात येतं, हा मुद्दा आता काढून उपयोग नाही. तुम्हाला अजून सहा खेपा करायच्या आहेत.

पूर्वतयारी म्हणून दहावीचं विज्ञानाचं पुस्तक माळ्यावरून काढाल, तर त्यात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध अशी तीन सभ्य मंडळी भेटतील. त्यांचं आपसातलं नातं गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने 1827 साली छापून सांगितलं. तेव्हा त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचं पदक मिळायला 1841 साल उजाडलं. त्यामुळे तुमचं पहिलं चक्र पहिल्या फटक्यात चाललं नाही तर चौदा वर्षांपर्यंत वाईट वाटून घेऊ नये. नातं मात्र पाठ हवं: व्होल्टला रोधाने भागलं की धारा मिळते. एवढ्यावर दुकानात जाता येतं. फक्त तिथे भाषा बदलते. दुकानात रोधाला रेझिस्टन्स म्हणतात आणि धारित्राला कंडेन्सर. "एक धारित्र द्या" म्हणालात तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला पेपर तपासनीस समजेल.

साहित्य

पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं नाव पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावाने विचारलंत तर लोक तुम्हाला डॉक्टरांचा पत्ता सांगू लागतील.

दुकान म्हणजे दोन हात रुंद फट. मागे भिंतभर खण, प्रत्येक खणावर सुतळीसारख्या अक्षरात आकडा. आपण गल्ल्यासमोर उभं राहायचं आणि कशाला हवं ते सांगायचं नाही. नवशिका हमखास सुरुवात करतो, "काय आहे ना, आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती असतो..." मागे रांग लागलेली असते. फक्त आकडे बोलायचे. ट्रिपल फाइव्ह एक, चाळीस सतरा एक, लाल एलईडी, वन के, टेन के, चारशेसत्तर ओहम, सगळे पाव वॉट. दहा मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, शंभरचा एक. ब्रेडबोर्ड, नऊ व्होल्टचा सेल, त्याची टोपी.

"रेझिस्टन्स किती?"

"एक एक."

इथे तो मान वर करून तुमच्याकडे पहिल्यांदा नीट बघेल. रेझिस्टन्स एक घ्यायची वस्तूच नाही. एकाचा पाय मोडतो, एक फ्रिजखाली जातो, एक चुकीचा निघतो. दहा दहा घ्या. घरी आल्यावर ते ठेवायला मिसळणाच्या डब्याइतकी योग्य वस्तू जगात दुसरी नाही: सात वाट्या, वर झाकण, मधोमध चमचा. तो डबा मागायची हिंमत आहे का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. आमच्याकडे एकदा मोहरीच्या वाटीत 1 के सापडला होता, त्याला आता अकरा वर्षं झाली. अजून फोडणी तडतडली की माझ्याकडे बघतात.

आता रेझिस्टन्स ओळखणे. हा एक तांदळाएवढा दाणा, त्यावर चार पट्टे. आकडा छापायला जागा नाही म्हणून रंगांची लिपी. इंग्रजी पुस्तकांमध्ये ही पाठ करायला एकेक अचाट वाक्यं दिलेली असतात. मराठी शाळेत गेलेल्या माणसाला त्यांची काहीही गरज नाही, कारण त्याला चौथीपासून 'तानापिहिनिपाजा' येतं. इंद्रधनुष्यातला पारवा तेवढा काढून टाका. तांबडा 2, नारिंगी 3, पिवळा 4, हिरवा 5, निळा 6, जांभळा 7. पुढे काळा 0 आणि तपकिरी 1. मागे राखाडी 8 आणि पांढरा 9. झालं. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं, आणि चौथा सोनेरी असेल तर पाच टक्के इकडेतिकडे चालतं असा कबुलीजबाब. तपकिरी, काळा, नारिंगी: एक, शून्य आणि पुढे तीन शून्यं, दहा हजार, म्हणजे टेन के. निळ्या अंगाच्या रेझिस्टन्सवर पाच पट्टे असतात, त्यात पहिले तीन आकडे. ते दुकानात परत करा आणि चार पट्ट्यांचे आणा, एवढ्यात एक खेप वाढते.

घरातल्या पिवळ्या बल्बखाली तांबडा आणि नारिंगी सख्खे भाऊ दिसतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकृती

वहीच्या डाव्या पानावर, पेन्सिलीने.

ट्रिपल फाइव्ह हा आठ पायांचा किडा. हान्स कॅमेंझिंड नावाच्या स्वित्झर्लंडात जन्मलेल्या माणसाने 1971 मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी त्याची रचना केली, पुढच्या वर्षी तो बाजारात आला, आणि अजून आहे. त्याच्या आत पाच-पाच हजारांचे तीन रोध असतात, म्हणून 555, असं तुम्हाला कोणीतरी ठामपणे सांगेल. तीन रोध आहेत हे खरं, पण नावाचं कारण ते नाही असं खुद्द कॅमेंझिंडने सांगून ठेवलंय. सांगणाऱ्याला सुधारू नका. तो बहुधा तुम्हाला पक्कड उसनी देणार आहे.

या किड्याचं काम एवढंच, की कंडेन्सर भरायचा, दोन-तृतीयांश भरला की रिकामा करायचा, एक-तृतीयांश उरला की पुन्हा भरायचा. प्रत्येक वेळी तिसऱ्या पायावर एक टिचकी. शौचालयाच्या टाकीतल्या फ्लोटचं तत्त्व याहून फार निराळं नाही, पण बाप्पाच्या संदर्भात ती उपमा घरात वापरू नये.

जोडणी: 8 आणि 4 धनाला, 1 ऋणाला. 8 ते 7 मध्ये वन के. 7 ते 6 मध्ये टेन के. 6 आणि 2 एकमेकांना. 2 पासून ऋणापर्यंत दहा मायक्रोफॅरड. या हिशोबाने सेकंदाला साधारण सात टिचक्या मिळतात, म्हणजे दहा दिव्यांची एक फेरी दीड सेकंदात. मला विचाराल तर देवामागे याहून वेगाने काही फिरू नये.

त्या टिचक्या जातात चाळीस सतराच्या 14 नंबरच्या पायाला. हा सोळा पायांचा. प्रत्येक टिचकीला तो एक दिवा विझवतो आणि पुढचा लावतो. 16 धनाला, 8 ऋणाला, 13 आणि 15 दोन्ही ऋणाला. दिवे कुठे लावायचे? तर पहिला 3 नंबरला, मग 2, 4, 7, 10, 1, 5, 6, 9, 11. हा कुणाचा फोन नंबर नाही. असाच क्रम आहे, आतल्या मांडणीच्या सोयीने लावलेला. तुम्ही मात्र कागद न बघता 1, 2, 3 असे ओळीने दिवे लावणार, आणि प्रकाश तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, तिथून चौथ्यावर, मग टुणकन सातव्यावर जाणार. ते चक्र नसतं, तो बेडूक असतो. मुलांना ते मूळ चक्रापेक्षा जास्त आवडतं, हेही इथे नोंदवतो.

एलईडीचा लांब पाय धन. पाय आधी सारखे कापून मग कुठला लांब होता ते आठवत बसण्याची पद्धत आहे. तसं झालं तर कडेला जिथे किंचित सपाट आहे ती बाजू ऋण. दहाही दिव्यांचे ऋण पाय एकत्र बांधायचे आणि एकाच 470 ओहममधून खाली न्यायचे. दहा दिव्यांना एक रेझिस्टन्स कसा पुरतो? कारण एका वेळी एकच दिवा लागतो. ओहमचा हिशोब: नवातून एलईडीचे दोन व्होल्ट गेले, उरले सात, भागिले 470, सुमारे 15 मिलिअँपिअर. चाळीस सतराची खरं तर तेवढी ऐपत नाही, तो थोडं कमीच देतो. तरी दिवा छान दिसतो.

कृती

ब्रेडबोर्ड म्हणजे पाव कापायची फळी. पूर्वी पाश्चात्त्य रेडिओवेडे खरोखरच स्वयंपाकघरातली फळी पळवून तिच्यावर खिळे ठोकून सर्किट बांधत, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे पोळपाट वाचला, कारण हा छंद येईपर्यंत प्लॅस्टिकची भोकांची फळी आलेली होती. तिच्यात उभी पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात आणि कडेला लांब पट्ट्या असतात, एक धन, एक ऋण. मधल्या खोबणीवर दोन्ही किडे, म्हणजे आयसी, बसवा, खाच डावीकडे. खाचेपाशी खालच्या बाजूचा पहिला पाय 1 नंबर, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं.

सगळं जोडा. दोनदा तपासा. घरच्यांना बोलवू नका. सेल लावा.

चालणार नाही.

आता मदत मागायची वेळ आली. ही या छंदातली सगळ्यात अवघड कला आहे आणि तिच्याबद्दल कुठल्याच पुस्तकात काही लिहिलेलं नसतं. माझे मामा तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो संवाद असा झाला.

"मामा, चालत नाहीये."

"कोण?"

"चक्र."

"काय करतंय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे? एकही दिवा लागत नाही, का एक लागून तसाच राहतो?"

मी बघितलं. एक दिवा लागलेला होता. तो पहिल्यापासून लागलेला असणार, पण मी चक्र बघत होतो, दिवा बघत नव्हतो.

"हे दोन वेगळे आजार आहेत," मामा म्हणाले. "चाळीस सतरा जिवंत आहे. त्याला टिचकी येत नाही. ट्रिपल फाइव्हला व्होल्टेज आहे?"

"आहे ना. नवा सेल आहे."

"मोजलंस?"

"मामा, मी तीनदा बघितलंय, वायर बरोबर आहे."

"बघितलंस. मोजलंस का?"

मी मोजलं नव्हतं. मीटर होता, तो ड्रॉवरमध्ये होता, आणि ड्रॉवरमध्ये असलेला मीटर हा शून्यच दाखवतो. मामांनी आपला मीटर दिला, पण आधी लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात तर राहिली नाही ना ते बघून घेतलं. त्या भोकातून व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर सेलला सरळ शॉर्ट करतो, आणि ही चूक माणूस आयुष्यात साधारण तीन वेळा करतो.

ट्रिपल फाइव्हच्या आठव्या पायावर काहीही नव्हतं. लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींमध्ये कडेची पट्टी मधोमध तुटलेली असते. वरची तांबडी रेघही तिथे थोडी खंडित छापलेली असते, पण ती रेघ कोण वाचतं? सेल डाव्या अर्ध्यात होता, चाळीस सतरा डाव्या अर्ध्यात होता, आणि ट्रिपल फाइव्ह उजवीकडे दोन दिवस उपाशी बसला होता. मी त्या दोन दिवसांत तपकीर गल्लीत जाऊन दोन नवे ट्रिपल फाइव्ह आणले होते आणि आधीच्या दोघांना "उडालेले" म्हणून कचऱ्यात टाकलं होतं. कचरा घंटागाडीत गेला होता.

मामांकडे जाताना तुम्ही एवढंच करा: "चालत नाही" हे शब्द घरी ठेवून जा. काय दिसतंय, काय दिसायला हवं होतं, आणि कुठल्या पायावर किती व्होल्ट आहेत, हे कागदावर लिहून न्या. हा कागद लिहिता लिहिताच दहातल्या सात वेळा दोष सापडतो आणि मामांकडे जायची वेळ येत नाही. मामी चहाला मुकवल्याबद्दल नाराज होतात, त्याला इलाज नाही.

ब्रेडबोर्डवर चाललं की ते पक्कं करायचं. त्याला गल्लीत 'शोल्डर' म्हणतात आणि खांद्याशी त्याचा संबंध नाही. डबे सांधणारे ज्याला डाख म्हणायचे तोच हा प्रकार: कथील आणि शिसं, साधारण साठ-चाळीस, आणि तारेच्या पोटात राळ. पंचवीस वॉटची गन पुरते. नवशिका गनच्या टोकावर डाखाचा थेंब घेतो आणि तो शाईच्या टाकासारखा सांध्यावर टेकवतो. तसं नाही. आधी सांधा तापवायचा, पाय आणि तांबं दोन्ही, आणि डाख सांध्याला लावायचा. सांधा तापला असेल तर डाख स्वतः धावत जातो, गार असेल तर गोळा होऊन वर बसतो. चांगला सांधा चकचकीत, उतरत्या छपरासारखा. मंद, राखाडी, गोटीसारखा दिसला तर तो सांधा नसून आश्वासन आहे.

निरीक्षण

चक्र चालण्याऐवजी पुढीलपैकी काहीतरी होईल.

दहाही दिवे एकदम, पण मंद, पेंगुळल्यासारखे लागले. सगळं चालतंय, पण सेकंदाला सुमारे 70 फेऱ्या होतायत आणि डोळ्याला ते पकडता येत नाही. दहा मायक्रोफॅरडच्या जागी 104 लिहिलेली चपटी टिकली लागली. 104 म्हणजे एकशेचार नव्हे. दहा आणि पुढे चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये, म्हणजे मायक्रोफॅरडचा दहावा हिस्सा.

चक्राची भिंगरी झाली. नारिंगीच्या जागी तांबडा पट्टा. वर सांगितलं होतं.

एक दिवा दीड सेकंद लागून राहतो, मग बाप्पा विचार करून पुढचा लावतात. नारिंगीच्या जागी पिवळा.

फिरताना एका जागी काळोखाची उचकी लागते. तो दिवा उलटा आहे.

आयसीला बोट लावल्यावर चटका बसला. तो आयसी उलटा आहे. होता, म्हणा.

जवळ गेलात की चक्र फिरतं, लांब गेलात की थांबतं, हात हलवला की उलटसुलट वागतं. घरातली वडीलधारी माणसं याला वेगळा अर्थ देतील. चाळीस सतराचा एखादा पाय लोंबकळत राहिला की असंच होतं: त्या पायाला इतकी कमी धारा पुरते की आपल्या अंगावर घरातल्या विजेची जी सावली पडलेली असते तीसुद्धा त्याला ऐकू येते. 13 आणि 15 बघा. त्यांतल्या एकाचा सांधा गोटीसारखा असणार.

दक्षता

सेल दहा दिवस पुरत नाही, म्हणून अडॅप्टर. तयार, बंद डब्यातला, 9 व्होल्टचा. घरच्या 230 व्होल्टपाशी या प्रयोगातली एकही उघडी वायर न्यायची नाही. अडॅप्टर लावताना धन-ऋण मोजून घ्या, कारण त्याच्या तोंडावरच तो शंभर मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बसलेला असतो आणि त्याच्या अंगावरची फिकट पट्टी म्हणजे ऋण. सेल गरीब असतो, चूक सोसून घेतो. अडॅप्टर नाही. आमचा कंडेन्सर हरतालिकेच्या संध्याकाळी फुटला. आवाज लवंगी फटाक्याचा, वास कुजलेल्या माशाचा, आणि आतल्या कागदाचे कपटे आत्याने मोदकांच्या पिठीसाठी धुऊन वाळत घातलेल्या तांदळांवर. आत्या मला एक शब्दही बोलली नाही. तिने तांदूळ दुसरे घेतले आणि माझं चक्र उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं.

थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखर पुठ्ठ्याचं असतं. सर्किट मागे चिकटवण्याआधी एकदा रात्रभर चालवून बघा. तुम्ही बघणार नाही. पहाटे तीन वाजता शेवटचा सांधा द्याल, फिरताना एकदा डोळे भरून पाहाल आणि झोपाल. सकाळी प्राणप्रतिष्ठा होईल, पाहुणे येतील, तबक पेटेल, आणि पहिल्या आरतीच्या सुरुवातीलाच चक्र थांबेल. 13 नंबर.

गन तापवायला वेळ नाही. मखराच्या कडेला उभे राहा, उजवा हात मागे घाला. अंगठा ऋण तारेवर, तर्जनी 13 नंबरच्या सांध्यावर. नऊ व्होल्ट आहेत, काही होत नाही, आणि त्या पायाला तुमच्या बोटांमधून मिळतं तेवढं ऋण भरपूर होतं. चक्र फिरू लागेल. टाळ्या वाजवता येणार नाहीत. नुसते ओठ हलवा. लोकांना तुम्ही मखर सावरताय असं वाटेल. मामा मागच्या रांगेतून भुवया उंचावतील, त्यांच्याकडे बघू नका.

शेवटी सगळे जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतात. तुम्ही घेऊ नका. त्या वेळी दिवे फिरतायत, माणसं फिरतायत, आणि घरात स्थिर असे दोघंच असतील, एक चौरंगावर आणि एक त्याच्या शेजारी.

मंत्रपुष्पांजलीला फुलं उजव्याच हाताने वाहायची असतात. तेव्हा आधी डावा हात मागे न्यायचा, त्याची बोटं तारेवर आणि सांध्यावर नीट टेकली की मगच उजवा काढायचा. नवी जोड लागल्याशिवाय जुनी सोडायची नाही. चांगल्या प्रतीच्या स्विचमध्येही काही ठिकाणी असंच करतात.